कोल्ह्याने पुरलेली कवळी

माझ्या धाकटीची मेंदी झाली त्या वर्षी मी गाबेसहून वाळवंटाच्या कडेच्या दूझला निघाले होते. आमच्याकडे गाडी आठ उतारू भरल्याशिवाय सुटत नाही, आणि आम्ही होतो सात. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. नवऱ्याच्या मांडीवरच्या टोपलीतून वाळवंटी कोल्ह्याचे दोन मोठाले कान वर आले होते.

"वाळूत सोडलास की मागे वळून बघायचं नाही, तिजानी."

"अगं मब्रूका, घरात वाढलाय तो. त्याला शिकार येते का?"

"माझी कवळी पुरता येते ना! आठवडाभर नुसत्या शोरब्यावर आहे मी."

"सगळं अंगण खणलं की मी."

"डाळिंबाचं झाड आडवं केलंस, आणि सापडलं काय? तुझीच चप्पल!"

"आणि तुझा चमचा."

"हसू नकोस. बघ, तोही हसतोय."

"जांभई देतोय गं तो."

तेवढ्यात आठवा उतारू चढला. ड्रायव्हरने गाडी चालू केली, तसा टोपलीतला जीव बारीक किंचाळला.

"थांबव रे! आम्ही उतरतो."

"मावशी, आता मी आणखी दोघं कुठून आणू?"

"कुठूनही आण. कवळी कुठे पुरलीय ते फक्त यालाच ठाऊक. हा गेला तर मी जन्मभर शोरबाच पिऊ?"

"मब्रूका, तू..."

"एक शब्द बोलू नकोस. टोपली इकडे दे. कान दुमडतायत त्याचे."

ती दोघं उतरली आणि आम्ही सहा जण हसत नव्या दोन उतारूंची वाट बघत बसलो.

पुढे बाजारात भेटली की मब्रूका बोळकं पसरून हसायची. चार वर्षांनी, खजूर उतरवायच्या आठवड्यात ती वारली. कोल्हा तिच्यामागे दोन महिन्यांनी गेला.