साहेबांनी खाल्लं का?

...आणि वर मलाच विचारतात, "खाल्लं का?" अहो, मी नाही हो, बोका! सकाळी दार उघडलं की शेजारच्या काकू, "खाल्लं का?" फोनवर मुलगी, बापाची तब्येत गेली खड्ड्यात, पहिला प्रश्न, "बाबा, खाल्लं का त्यानं?" मापाला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आधी कोपऱ्यातल्या वाटीत डोकावतं आणि मग हात वर करतं. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं शिवणकाम केलं, एका गिऱ्हाइकानं कधी विचारलं नाही की बाबा रे, तू जेवलास का!

तर साहेब म्हणजे आमचा बोका. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. नऊ वर्षांपूर्वी हा तिथं शिरला, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि उठलाच नाही, म्हणून साहेब. परवापरवापर्यंत चांगला गुबगुबीत होता. मग एकदम पाणी प्यायला लागला. भांडंच्या भांडं! आणि वाळत चालला. मी म्हटलं, उकाडा असेल. ही म्हणाली, "अहो, उकाडा सगळ्यांनाच आहे, बादलीत तोंड घालून बाकी कुणी बसलेलं नाही."

नेलं. प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "डायबेटिस."

"मांजराला? पण हा गोड खातच नाही!"

"मांजरांना गोडाची चवच कळत नाही, काका."

आता बघा! चव नाही ती नाहीच, आणि रोग मात्र साखरेचा! मला तर प्रश्नांवर प्रश्न सुचायला लागले... मग यांना दूध का आवडतं? वाघाला होतो का डायबेटिस? त्याला सुई कोण देतं? डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, वाघाचं राहू द्या. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला इन्सुलिन. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही, मला फोन करायचा. उपाशीपोटी साखर खाली गेली तर जिवावर बेतेल."

मी म्हटलं, सुईचं मला काय सांगता? जन्म गेला सुईत! घरी आलो, फ्रिजमधून बाटली काढली, औषध भरलं, मानेमागची कातडी चिमटीत धरली आणि सुई घातली की हो झोकात... आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर! शिंप्याचा हात ना! एकीकडून घातली की दुसरीकडून काढायची, हेच आयुष्यभर केलेलं! सगळं औषध केसांवर. साहेब ढिम्म. ही म्हणाली, "आता गाठ मारा आणि दोरा तोडा."

पण आठवडाभरात हात बसला. बसली नाही ती साहेबांच्या खाण्याची घडी. आज वाटी चाटूनपुसून लख्ख, उद्या त्याच वाटीचा नुसता वास घेणार आणि पंजानं फरशी खरवडणार, म्हणजे काय, तर हे पुरून टाका! आणि आम्ही दोघं बाजूला उकिडवे बसून, "खा रे राजा, खा रे सोन्या..." घड्याळात सात वाजून गेलेले, हातात सुई, आणि आतून हिची हाक, "खाल्लं का?"

मग ती सकाळ आली. आमचे एक वकील गिऱ्हाईक भल्या सकाळी काळा कोट घालून बघायला आले. "अकराला कोर्ट आहे, दहाला न्यायला येतो, बाही आखूड करून ठेवा." मी इकडे टाचण्या लावतोय, तिकडे साहेबांनी वाटीला दोन वेळा जीभ लावली. मला वाटलं, सुरुवात झाली, खाईलच आता. दिली सुई! दिली आणि बाहीच्या मागे लागलो. दहाला वकील आले, कोट अंगात चढवला आणि म्हणतात, "हा असा दारू प्यायल्यासारखा का चालतोय?"

वळून बघतो तर साहेब झोकांड्या खातायत. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. वाटी तशीच भरलेली. अहो, माझ्या हातानं दिली होती मी ती सुई! हिनं फोन लावला. डॉक्टरबाई पलीकडून ओरडल्या, "मध! हिरड्यांना चोळा, थोडा थोडा, आणि घेऊन या!" मध सापडला, पण झाकण असं चिकटून बसलेलं की मला उघडेना. शेवटी वकिलांनी साहेबांना मांडीवर धरलं, हिनं झाकण उघडलं, मी बोटानं मध चोळला. सगळा कोटावर. मी म्हटलं, "वकीलसाहेब, तुमचा कोट..." ते म्हणाले, "कोट मरू द्या हो! खाल्लं का त्यानं?"

वाचला. दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवलं, आणि वाचला.

पण मला काही चैन पडेना. हा एक दिवस खातो आणि एक दिवस खात नाही, याचं कारण काय? काहीतरी असणारच की! मी हात धुऊन मागे लागलो. मुलगी म्हणाली, "बाबा, मिश्या वाटीला लागत असतील." पसरट ताटली आणली. कोमट करून दिलं. टेप लावून भिंतीपासून अंतर मोजलं. एकदा रेडिओ लावून, एकदा बंद करून. कशाचाच ताळमेळ लागेना.

आणि मग ही दोन दिवस बहिणीकडे गेली. मी एकटा. टेबल लावायचा कंटाळा, म्हणून दुकानातच खाली बसलो ताट घेऊन. मी पहिला घास घेतला... आणि शेजारी चप् चप्! साहेब जेवतायत! मी थांबलो. तो थांबला. मी घास घेतला. त्यानं घेतला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम आत टेबलावर बसलो, तर बाहेर वाटी जशीच्या तशी. परत खाली येऊन बसलो, चप् चप्! म्हणजे भूक होती हो त्याला, पंगतीला कुणी नव्हतं! ज्या दिवशी मी कामाच्या घाईत दुकानातच चहा-पोळी उरकायचो, त्याच दिवशी वाटी लख्ख!

झालं. तेव्हापासून सकाळी सात, संध्याकाळी सात, मी फरशीवर मांडी घालून हजर. गुडघे बोंबलतात, पण साहेब रोज जेवतात, रोज सुई होते, अंगानं भरलेसुद्धा.

ही आली, दोन दिवस बघत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभी. "पस्तीस वर्षं! पस्तीस वर्षं मी वाढून हाका मारल्या, आणि तुमचं आपलं, 'आलो, एवढं एक काज करतो, एवढं एक बटण लावतो.' किती ताटं गार झाली माझी! आणि बोक्यासाठी सातच्या ठोक्याला?"

आता याला उत्तर आहे का? आहे हो, चांगलं तयार होतं माझ्याकडे! पण तोंडात घास होता... आणि मी चावायचा थांबलो की तो थांबतो.