रफिकभाईचं तेल

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, पण वारा नाय, पाऊस नाय, नुसता घाम. आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकांचे ब्रेकचे शू मी दारातच बसून बदलले. बसले नीट, पण चाक फिरवलं की करकरायचं. आपला जन्म गेला बैलगाडीवर. चाक करकरलं की वंगण, एवढंच ठाऊक. समोरच्या रफिक टेलरकडं गेलो.

"रफिकभाई, मशीनचं तेल द्या जरा."

"घ्या की चाचा, इचारायचं काय त्याच्यात?"

कशाला पाहिजे ते त्यानं इचारलं नाय, मी बी सांगितलं नाय. दोन्हीकडच्या शूंना बोटानं तेल चोळलं. करकर बंद. लई बरं वाटलं बघा. गाडी उतारावर लावली, हँडब्रेक ओढला आन् हात धुवायला घरात गेलो. शू कोरडा असला तरच चाक धरतो, हे मला कुठं माहीत?

किंकाळी ऐकून बाहेर आलो. गाडी घरंगळत जाऊन रफिकच्या ओट्याला टेकलेली, आन् मधी त्याचा पाय. त्याच पायानं तो मशीन चालवायचा.

डॉक्टर म्हणाले, हाड जुळंल, पण आता पायडल मारणं नाय. मी खाटंजवळ बसून राहिलो. माफी मागायला आलेलो, आन् त्याच्या पायावरची चादरच सारखी करत होतो. शेवटी तोच हळू बोलला,

"चाचा, तेल उरलं असंल तर माझ्या मशीनला घाला. बसून बसून गंजंल बिचारी."