नियम सातवा आणि रुक्मिणीबाईंची मयत

जबाब, दि. १९/०२/२०२५

नवनीत छगन पाटील, वय ५४ वर्षे, धंदा शेती, रा. करणपाडे, ता. शहादा, जि. नंदुरबार.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नी प्रतिभा व आई रुक्मिणीबाई, वय ८१, यांच्यासह राहतो. राहत होतो. आई आता नाही, तिच्याबाबतच हा जबाब आहे.

'आपलं करणपाडे' हा गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप मी सहा वर्षांपूर्वी सुरू केला. सभासद ४१२. तीन वर्षांपूर्वी सुरतेच्या दवाखान्यात असलेल्या प्रमिलाबाईंना कोणीतरी ग्रुपवर जिवंतपणीच श्रद्धांजली वाहिली. लोक त्यांच्या घरी रडायला गेले. प्रमिलाबाई आजही ठणठणीत आहेत. त्यावरून मी नियम सातवा लिहिला: मयताची बातमी फक्त ॲडमिन टाकेल, ग्रुपवर आल्याशिवाय कोणी खरी धरू नये. त्याआधी सुकलाल गल्लोगल्ली हाक देऊन मयत कळवायचा. आता गरज नाही, असे त्याला मीच सांगितले. तो सध्या नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर कामाला आहे.

ग्रुपला शिस्त लागावी म्हणून मी वेळोवेळी तेवीस जणांना काढले. कोणी रेशनचे विचारत होते, कोणी रस्त्याचे. काढताना मला बरे वाटायचे, खोटे कशाला बोलू. सरपंचांचा पुतण्या योगेंद्र चौधरी यास दुसरा ॲडमिन मीच केले. पुढे माझा नंबर बदलला तेव्हा त्यानेच नवा नंबर ग्रुपमध्ये घेऊन मला परत ॲडमिन केले.

डिसेंबरात मी ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीत मेलेल्या कबुतराचा फोटो ग्रुपवर टाकला. योगेंद्रने तो डिलीट केला. मी परत टाकला. त्याने मला ॲडमिनवरून काढले. एकाही सभासदाने का म्हणून विचारले नाही. विचारणारे मी आधीच काढलेले होते. मी साधा सभासद म्हणून ग्रुपमध्ये राहिलो.

दि. १२/०२/२०२५ रोजी सकाळी ७.१० वाजता आई वारली. ७.२५ला योगेंद्रला मजकूर पाठवला. त्याने वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, बातमी आली नाही. ८.०५ला प्रतिभाने स्वतः टाकली. चार मिनिटांत डिलीट. मी फोन केला, "मन्ही माय गयी रे," म्हणालो. तो म्हणाला, "काका, नियम तुम्हीच लिखेल शे. ॲडमिनले वाटी तव्हयच टाकी." आणि फोन ठेवला. ९.३०ला त्याने सरपंचांच्या वाढदिवसाचा फोटो टाकला. खाली एकशे सहा जणांनी केक पाठवले.

प्रतिभाने बाहेरगावच्या पाहुण्यांना फोन लावले. मी गावात एकाही घरी गेलो नाही. गाव आपोआप येईल असे धरून ओट्यावर बसून राहिलो. याची मला लाज वाटते, तेही लिहा.

दुपारी १२.३०ला आईला तापीकाठी नेले. खांदा मी, माझे दोन शालक आणि पाहुण्यांना घेऊन आलेला टेम्पोवाला, अशा चौघांनी दिला. टेम्पोवाला धानोऱ्याचा असून आईला ओळखत नव्हता. एकूण माणसे नऊ. आईने या गावात चाळीस वर्षे बाळंतिणींना न्हाऊ घातले. योगेंद्रलाही जन्मल्यावर पहिली आंघोळ तिनेच घातली होती.

योगेंद्रने बातमी जाणूनबुजून दाबली, अशी त्याच्याविरुद्ध माझी तक्रार आहे.

तिसऱ्या दिवशी भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कमलबाई दुखवट्याला दारावर बसायला आल्या. म्हणाल्या, "रडनं ऐकू उनं व्हतं भाऊ. मी लगेच मोबाईल देखा. ग्रुपवर काहीच नही व्हतं. मंग मी भाकरी कराले लागनी."

कमलबाईंविरुद्ध तक्रार आहे काय, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. त्या ग्रुपमधल्या सगळ्यात शिस्तीच्या सभासद आहेत.

माझा जबाब संगणकावर टंकलेला मी ऐकला. मी बोललो तेवढेच त्यात आहे, बरोबर आहे.

सही/-
नवनीत छगन पाटील