वरच्या घळीतली झाडं

नाही हो, तुमच्या नकाशात दाखवलाय तिथून नाही वळला ओढा, जरा वर — पुलापाशी वळला. बसा ना, बाकावरचं मांजर उठवा, त्याला सवय आहे. तर आमचा हा मूरबाख — एरवी गुडघाभर पाणी, गाई रमतगमत ओलांडतात. पण वरचा तो डोंगर आहे ना, तो नुसता भुसभुशीत, दगडांचा चुरा. तिकडे जोराचा पाऊस झाला की पाणी एकटं येत नाही, डोंगर सोबत घेऊन येतं. पासष्ट साली आलं तेव्हा मी आठ वर्षांची — वडिलांनी मला आणि सेराफिनला, माझ्या थोरल्या भावाला, गवताच्या माळ्यावर चढवलं होतं. मग सत्त्याऐंशीला. तेव्हा सगळे म्हणाले, स्कीच्या उतारासाठी जंगल तोडलं म्हणून आलं. तेही खरंच. आणि नंतर काय केलं? ओढा सरळ केला, दोन्हीकडे दगडी भिंती, वर हा बुटका पूल — पाण्याचा जोर वाढला आणि वाट अरुंद झाली. हे तुमच्या कागदांत असेलच. मग मला कशाला — हां, गेल्या ऑगस्टचं.

दुपारचे तीन. मी जर्दाळूचा जाम ढवळत होते. आधी वास आला, ओल्या मातीचा, बंद तळघर उघडल्यासारखा. मग फडताळातल्या बश्या थरथरायला लागल्या. खिडकीतून बघते तर पुलाखाली झाडं अडकलेली, उभी-आडवी, आणि मागून चिखल चढतोय. मग तो डावीकडे वळला. डावीकडे सेराफिनचं घर. तो वर कुरणात होता, घरात क्रेसेन्झ — माझी वहिनी. दुसऱ्या दिवशी सापडली, खालच्या खोलीत, शिवणाच्या मशीनपाशी. मी जामखालची शेगडी बंद केली की नाही, ते मला अजून आठवत नाही. — नको, पाणी नको, मी बरी आहे.

चौकशीला लोक आले, लिहून गेले — न भूतो असा पाऊस. पाऊस होताच. झाडांचं म्हणता? मुळासकट होती ती, वरच्या घळीतली. आमच्याकडे दर जूनला गावातलं कुणीतरी ओढा चालून बघतं, पार उगमापर्यंत. लाकूड आडवं दिसलं तर काढून घ्यायचं, मग कागदावर सही करायची. एकोणीस वर्षं ते माझ्याकडे होतं. आणि वरची घळ — ती माझ्याच जंगलातून जाते. त्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने तिथली स्प्रूसची झाडं उन्मळून पडली होती. मला कसं ठाऊक? सेराफिनने सांगितलं. मे महिन्यात कुंपणापाशी येऊन थांबला. चार वर्षं आम्ही बोलत नव्हतो — आईच्या कपाटावरून, काय सांगू, एका कपाटावरून — तरी थांबला. म्हणाला, "नोटबुर्गा, तुझी झाडं ओढ्यात पडलीत." मी म्हटलं, "बघितलंय मी." बघितलं नव्हतं. तो सांगणार आणि मी धावत जाणार? जूनमध्ये कुरणाच्या फाटकापर्यंत गेले, गुडघा दुखत होता — फारसा नव्हता दुखत — आणि तिथूनच परतले. घरी येऊन लिहिलं, ओढा मोकळा. खाली सही.

आता तो खाली गावच्या वृद्धाश्रमात असतो. दर रविवारी मी जाते. आता बोलतो माझ्याशी. पहिल्याच रविवारी म्हणाला, "तुझी सही पाहिली मी कागदावर. म्हणजे तू काढली होतीस तुझी झाडं. ही आणखी वरून कुठून तरी आली असणार." मी काय म्हटलं? हो म्हटलं. त्याच्या सूपमध्ये पाव बुडवून दिला, हात थरथरतात त्याचे. सात महिने झाले, दर रविवारी सांगायचं ठरवून जाते आणि पाव बुडवून देऊन परत येते. रडू वगैरे येत नाही. आधी वाटायचं, येईल.

लिहायचं थांबलात का? तुमचा हा अहवाल फलकावर लावतात ना — आश्रमातसुद्धा लावतात, जेवणघरात, तो वाचत असतो सगळं. लिहा. घळीचं लिहा, कुणाचं जंगल तेही लिहा — थांबा, रविवारपर्यंत — नाही, नका थांबू. थांबून मी काही सांगणार नाहीये. जा तुम्ही आता, साडेचारनंतर बस नाही.