विचारणारी गेली

बसा रं, बसा. मागं उभे हायत त्यांनी पुढं सरका, पोरं मांडीवर घ्या, जागा होते. कडावची, चौकची माणसं डोंगर चढून आलीत, त्यांना भिंतीचा टेका द्या.

शाळेतल्या बाई मला म्हणाल्या, आजी, तुमी दोन शब्द बोला. मी म्हटलं, बाई, मी दुसरी नापास. दोन शब्द बोलायला पुढारी आणा. तर म्हणाल्या, पुढाऱ्याला बुधीबाई माहीत नव्हती. म्हणून राहिले उभी. पण मला जमेल असं धरून बसू नका. मांडवात मी कधी घाबरले नाय, हे खरं. पण मांडवात पहिलं तोंड बुधी उघडायची. मी कायम दुसरी. आज पहिल्यांदाच कुणी न विचारता बोलायचंय.

बुधी गेली त्याला आज दहा दिवस झाले. ताप आला, उतरला, परत आला, गेली. वय झालं होतं. ती देवमाणूस होती असं मी म्हणणार नाय. तिला ऐकू गेलं तर हसेल. तिची कोंबडी माझ्या वरीत शिरली, मी ओरडले, तर म्हणाली, "तुझ्या वरीनंच माझ्या कोंबडीला बोलावलं गं." अशी बाई. तिच्याशी भांडण जिंकलेलं माणूस या वाडीत असेल तर त्यानं हात वर करावा. बघा, नाय ना?

खालून आलेल्यांसाठी सांगते. आमा ठाकरांच्या लग्नात धवळेरी लागते. बाईमाणूस. ती धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते आणि लग्न लागतं. आपल्या वाडीची रीत अशी की धवळे दोघींनी म्हणायचे. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं. बुधी विचारणारी. मी सांगणारी. तिचं तिला सासूकडून आलं, माझं मला आईकडून. एकीनं दुसरीचं तोंडात घ्यायचं नाय. घेतलं तर मांडव बाटतो म्हणत. आमी दोघींनी या वाडीतली, आजूबाजूच्या वाड्यांतली किती लग्नं लावली, मोजली नायत. इथं बसलेल्या अर्ध्याअधिक जोड्या आमीच बांधल्यात. सुटल्या त्या तुमच्या तुमी सोडल्या.

आता तुमी म्हणाल, म्हातारे, एवढी वर्षं शेजारी बसलीस, तुला तिचं पाठ झालं असेल.

नाय झालं.

हेच सांगायला मी उभी राहिलेय. मला बुधीचं विचारणं येत नाय. ती म्हणत असायची तेवा मी काय करत होते? पान चघळत होते. वरमाय कुठलं लुगडं नेसलीय ते बघत होते. माझं उत्तर जुळवत होते. मी तिच्या ओळीचं फक्त शेपूट ऐकायची. '…कुणाच्या पायानं' आलं की माझं हे उत्तर. '…कोण राखील' आलं की ते उत्तर. माझ्याकडं सगळी शेपटं हायत. जनावर एक बी नाय.

आणि तिचं विचारणं काय एकसारखं नव्हतं. जसं घर, तसा सवाल. नवरा आळशी असला तर त्याला पेरणीआधी रान कोण भाजील ते विचारायची. सासू कजाग असली तर चुलीचं विचारायची. सगळा मांडव हसायचा, सासूला बी हसावं लागायचं, आणि हसता हसता तिच्याकडनं सुनेसाठी कबूल करून घेतलेलं असायचं. हे सगळं आपल्या बोलीत. तिच्या नातीनं, सुरेखानं, एकदा ते शाळेतल्या मराठीत लिहून आणलं आणि वाचून दाखवलं. बुधीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "बाय, हे तलाठ्याच्या लग्नाला चालेल."

आता जे सांगायचंय ते सांगते. बाई, तुमी मध्ये थांबवू नका.

गेल्या वर्षी वैशाखात माझ्या नातवाचं लग्न झालं. नातू साजगावला कंपनीत जातो. सोयरे तिकडचेच, ठाकरच, पण दोन पिढ्या खाली राहिलेले. पक्कं घर, दारात गाडी. लग्न चौकला हॉलमध्ये. भटजी, डीजे, खुर्च्यांना कापडं. आणि धवळे? धवळे नायत. कुणी नको म्हटलं? सोयऱ्यांनी? नाय. नातवानं? नाय. मीच म्हटलं. कुणी काय बोलायच्या आधी मीच म्हटलं, "कशाला ते डोंगरातलं तिथं?" मी, सांगणारी. जिनं तुमची सगळ्यांची लग्नं लावली, तिनं.

बुधीला बोलावलं होतं. पाहुणी म्हणून. टेंपोतनं आली, नवं लुगडं नेसून, मागच्या रांगेत बसली. भटजींचं आटोपलं. डीजेवाल्याची वायर कुठं सुटली, त्यो ती शोधत बसला. हॉल एकदम गप झाला. आणि त्या गपमध्ये मागनं बुधीचा आवाज आला. विचारलं तिनं. पहिला सवाल, नवरीचा. चालीवर, सगळ्यांसमोर.

सगळ्यांच्या माना वळल्या. आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं. शेपूट मी ऐकलं. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं.

मी म्हटलं, "चला, चला, पानं वाढलीत. जेवायला चला."

झालं. वायर सापडली, गाणं लागलं. बुधी उठली, हात धुतले, जेवली. जिलबी चांगली झालीय म्हणाली. टेंपोत बसून घरी आली.

तुमाला वाटेल, ती भांडली असेल. भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर भेटली, "कशी हायस" म्हणाली. तिसऱ्या दिवशी बी. कोंबडी माझ्या वरीत शिरली तर येऊन गुमान घेऊन गेली. माझ्याशी भांडायचं तिनं सोडून दिलं. तिनं मला परकी केलं, लोकहो. परक्याशी कोण भांडतं?

त्यानंतर तिनं धवळे म्हटले नायत. सुरेखाचं लग्न फाल्गुनात धरलंय. पोरगी कर्जतला कॉलेज शिकलेली, तरी आजीला म्हणाली, माझं लग्न वाडीतच, धवळ्यांनीच. बुधी तापात पडली होती तेवा मी बघायला गेले. बसले उशाशी. मग तीच म्हणाली, "फाल्गुनात येशील ना गं?"

मी म्हटलं, "येईन की."

म्हणाली, "जेवायला येऊ नको. जेवायला समदेच येतात."

एवढंच. वर्षानं एकदाच टोमणा मारला. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. घरी येताना वाटेत रडले. मला वाटलं, उतरेल ताप, फाल्गुनाला महिने हायत, मांडवात बसू दोघी, तिथं तिला उत्तर देईन. नाय उतरला.

आता फाल्गुनात विचारणार कोण? सुरेखाला तिच्या आजीचे दोन-चार सवाल येतात, पण ती नवरी. नवरीनं स्वतःलाच विचारायचं काय? बाईंनी मगाशी मला म्हटलं, आजी, बुधीबाईंच्या आठवणीसाठी एक धवळा म्हणा, मोबाइलवर घेते. नाय म्हणणार, बाई. रागावू नका. सुतकात लग्नाचं गाणं म्हणत नायत. आणि मी म्हणू तरी काय? नुसती उत्तरं? ज्याला कुणी काय विचारलंच नाय, त्याची बडबड ती.

हेच मी परवा चुलीपाशी बसून घरी बोलत होते. नातसून भाकऱ्या थापत होती. कविता. तीच, जिच्या माहेरच्यांसमोर मला लाज वाटली ती. तिनं हात थांबवला. म्हणाली, "आजी, आमच्या लग्नात बुधीआजी मागनं मलाच काहीतरी विचारत होत्या ना?"

मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

म्हणाली, "मला वाटलं, आता कुणीतरी माझ्या वतीनं बोलेल. कुणी बोललंच नाय. मग ते डोक्यातच राहिलं."

आणि तिनं म्हणून दाखवलं. नुसतं बोलून, चालीवर नाय. डोक्यापासनं शेपटापर्यंत सगळं. उच्चार चुकले दोन ठिकाणी, पण सगळं. 'करवंदीची जाळी कुणी बाजूला केली, ही लेक आली कुणाच्या पायानं?' एवढ्या वर्षांत मी तो सवाल पुरता पहिल्यांदा ऐकला. माझ्या चुलीपाशी. जिच्यासाठी मी गप्प बसले तिच्या तोंडून.

मग मला अक्कल आली. उशिरा आली, पण आली. मी शेपटं ऐकत होते. पण ज्याला विचारलं त्यानं तर सगळं ऐकलं असेल ना? तुमच्या मांडवात तुमालाच विचारत होती ती. नवऱ्याला वेगळं, नवरीला वेगळं. ते तुमच्यापाशी असणार. एकेक, दोन दोन. या खोलीत बुधी तुकड्यातुकड्यानं बसलीय.

मी सुरेखाशी बोललेय, तिच्या बापाशी बोललेय. फाल्गुनात बुधीच्या जागेवर कविता बसेल. रीत मोडते? मोडते. सासूकडनं सुनेला जायचं ते असं आडवं चाललंय. ज्याला बाटेल असं वाटतं त्यानं माझ्या नावानं बोटं मोडावीत, मला सवय हाय. कविता, उभी राहा. लाजू नको गं. बघून घ्या सगळ्यांनी. आता ती दारापाशी बसेल.

आता बाई म्हणतील, उभं राहून शांतता पाळा. उभे राहू नका, निम्म्यांचे गुडघे गेलेत. बसल्या जागी डोळे मिटा. बुधीच्या आत्म्याची काळजी करू नका, ती जिथं असेल तिथं कुणाला तरी कात्रीत पकडून विचारत असेल. तुमी तुमचा मांडव आठवा. अंगावरची हळद आठवा. आणि ती बाई तुमच्याकडं बघून काय म्हणाली ते आठवा. ज्याला आठवेल त्यानं उठावं, कविताजवळ जावं आणि सांगावं. हळू सांगा, नुसतं बोलून. अर्धं आठवलं तर अर्धं सांगा, शेपूट माझ्याकडं हाय.

ज्याला नाय आठवणार त्यानं डोळे मिटूनच राहायचं. मी बी खाली बसते तुमच्यात.

मिटा.