तारीख पडेस्तोवर बाकडं माझं

सरकारी बिल वेळेवर निघतच नाही म्हणता? आमच्या शोभाताईंचं निघालं. अर्धापुरात त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. आधीचं एक बिल वर्षभर अडकलं आणि त्यापायी त्यांना मशीन विकावी लागली होती. या खेपेला लातूरच्या एका कार्यालयात वीस लोखंडी बाकडी पोचवायची होती. मी सोबत होतो.

बाकडी व्हरांड्यात लागली. ताईंनी पोच मागितली, तर कारकून नुसती सही करून म्हणाला, "तारीख मागाहून टाकू, ताई."

"मागाहून कशाला? माल घेतल्यापासनं पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचा नियम हाय. तारीखच न्हाई, तर दिवस कुठून मोजायचे?"

"एवढा बी भरोसा न्हाई का आमच्यावर?"

"लई हाय. म्हणून तर निवांत बसले," म्हणत त्या पहिल्याच बाकड्यावर टेकल्या. "तारीख पडेस्तोवर बाकडं माझं हाय."

कामासाठी आलेले एक आजोबा ताटकळत उभे होते. ताई सरकल्या. "बसा काका, अजून माझंच हाय."

दुपारपर्यंत सगळी बाकडी भरली. साहेब बाहेर आले. "एवढी माणसं कशाची वाट पाहून राहिलीत?"

आजोबाच बोलले, "या बाईच्या तारखेची, साहेब."

तारीख पडली, वर शिक्काही. पैसे चव्वेचाळिसाव्या दिवशी आले. माझ्या डायरीत नोंद आहे.

परवा आम्ही खुर्च्या घेऊन पुन्हा गेलो. टेम्पो थांबायच्या आत तोच कारकून शिक्का घेऊन फाटकापर्यंत पळत आला. "ताई, आधी तारीख घ्या. बसू नका!"