चाचणीपुरता घोटा

शिंपीणबाई आपला कृत्रिम पाय पुढं पसरून नव्या, वाकणाऱ्या घोट्याच्या चाचणीच्या खोलीबाहेर बसली होती. शेजारी एका म्हाताऱ्याला त्याची बायको जुना, ताठ पाय बांधून देत होती.

"नवा काढून घेतला?" शिंपीणबाईनं म्हाताऱ्याला विचारलं.

"चाचणी संपली. घोटा बनवणाऱ्यांचाच ना," म्हातारा म्हणाला.

"चढावर छान चाललो, हे कशाला सांगितलंत? जरा लंगडायचं, म्हणजे दुरुस्तीच्या निमित्तानं पुन्हा बोलावलं असतं. तुमचा खरेपणाच नडला मेला!" बायको पट्टा आवळत म्हणाली.

"लंगडायचं सुचलंच नाही गं. तुझ्या बरोबरीनं चालत होतो."

"हो. सवयीनं मागं वळून बघितलं, तर तुम्ही शेजारीच."

"आता बघत जा पुन्हा मागं."

दार उघडलं.

"या ताई, नवा घोटा लावून बघू."

शिंपीणबाई जागची हलली नाही.

"परत कधी द्यायचा?"